हायस्कूलची आगोट: आपापल्या कामातलं नेमकं लिहा

पावसाआधी घरोघर आगोट, म्हणजे पावसाळ्याची आगाऊ तयारी, होते, तशी शाळेचीही करावी लागते. किनारपट्टीच्या हायस्कुलांत काम करणाऱ्यांनी लिहावं. नव्याने रुजू होणाऱ्यांना फार उपयोग होईल.

विज्ञान शिक्षिका, देवगड तालुका:
प्रयोगशाळेत गळतीपेक्षा दमट हवा जास्त नासधूस करते. सोडियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड हवेतलं पाणी ओढतात. झाकण सैल राहिलं की बाटलीत नुसता लगदा. सोडियम हायड्रॉक्साइडला काचेचं बूच नको, ते गच्च बसतं आणि निघत नाही. प्लास्टिकची बाटली घ्या, झाकणाच्या कडेला मेण ओता, रोजच्या वापरापुरतं लहान बाटलीत काढा. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी धरली तर काचेवर कायमचा डाग राहतो. पेटीत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर कोरडे करा, परत निळे होतात. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला मुळीच वापरू नका.

लिपिक, गुहागर तालुका:
आठवीच्या एनएमएमएसचे (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) फॉर्म भरण्याआधी पावसाळ्यातच आधार आणि जनरल रजिस्टरमधलं (शाळेतल्या मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर निवड होऊनही पैसे अडकतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. नूतनीकरण दरवर्षी करायचं, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगा. दहावीला ६० टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५५). आणि दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमाला गेलं की शिष्यवृत्ती थांबते. आपल्याकडे बरीच मुलं तिकडेच वळतात, म्हणून हे नववीतच घरी कळायला हवं.

दहावीचे वर्गशिक्षक, वेंगुर्ले तालुका:
वेळापत्रक शिमग्यापासून उलटं मोजा. बोर्डाची परीक्षा आणि पालखी एकाच सुमारास येतात. त्यात पावसाच्या सुट्ट्या आणि गणपती पहिलं सत्र खातात. भूमितीच्या रचना आणि विज्ञानाचे प्रयोग दिवाळीआधी उरकले, तर अंतर्गत २० गुणांच्या वह्या जानेवारीत शांतपणे तपासता येतात. फेब्रुवारीत परीक्षा सुरू होईपर्यंतचे दिवस निव्वळ सरावाला ठेवा.

मुख्याध्यापिका, राजापूर तालुका:
एसटीच्या पासाची यादी शाळा उघडताच आगारात द्या. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, मुलांना एकतृतीयांश भाडं. यादीत थांब्याचं नाव वाडीचं नको, एसटीच्या तक्त्यावर असेल तेच लिहा.