अनुभव धागा : ऑनलाइन ब्रिज, टेबलावरची टिंगल आणि जुळलेले गडी

किलवरदुर्री, आर्वी :

बीबीओवर, म्हणजे ब्रिज बेस ऑनलाइनवर, आपली टेबलं आता पक्की झाली आहेत. (ब्रिज म्हणजे दोन जोड्यांचा पत्त्यांचा खेळ : आधी बोली लावून किती हात करायचे तो करार ठरतो, मग तेरा हात खेळायचे.) पुसदचा भागीदार, वणीचा विरोधक आणि मेहकरचा बघ्या, अशी रात्र रंगते. रोज ब्रिज खेळायला नागपूरला कोण जाणार, म्हणून ओळखी झाल्या त्या स्क्रीनवरच. आता काही नवीन मंडळी आली आहेत, बहुतेक मेंढीकोटातून. मेंढीकोटात तोंड बंद ठेवून खेळणारा माणूस कुणाला आवडत नाही. ब्रिजमध्ये मात्र चुकीच्या वेळी केलेली थट्टा भागीदाराच्या अंगाशी येते. तेव्हा जुन्या गड्यांनो, कधी बोलावं, कुठल्या खिडकीत बोलावं, लाइट गेले तर काय करावं, ते नीट लिहा. आत्मकथा नकोत राजेहो. आज रात्री टेबलावर बसणाऱ्याच्या कामी येईल तेवढंच द्या.

बिनहुकुमी, पुसद :

पहिल्यांदा वेळ. शेवटचं पान पडल्यापासून पुढच्या डावाची पहिली बोली होईपर्यंत जी फट मिळते, ती थट्टेची. बोली आणि खेळ चालू असताना भागीदाराशी बोलायला ३५ बोल्या आणि पास, डबल, रिडबल, असे ३८ शब्दच आहेत. त्याबाहेरचं काहीही ब्रिजच्या कायद्यात अनधिकृत माहिती ठरतं. कलम १६ आणि ७३ वाचा.

नेहमी होतं ते असं. भागीदार वीस सेकंद थांबून पास म्हणतो. तुम्ही प्रेमानं टाकता, "काऊन बे, झोपला का?" झालं. त्याच्याकडे बोलण्याजोगं काहीतरी होतं हे थांबण्यातून दिसलंच होतं, तुम्ही त्यावर बोट ठेवलं. आता तुमच्यापुढे दोन रास्त पर्याय असतील आणि त्यातला एक त्या थांबण्यामुळे सुचत असेल, तर तो घेता येत नाही. पानांच्या जोरावर तोच घेणार होतात हे सिद्ध कसं करणार? स्पर्धेत विरोधक डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, बोलावतात. साध्या टेबलावर काही न बोलता उठून जातात, आणि ते जास्त लागतं.

मधेच "सॉरी पार्टनर" म्हणणं, भागीदाराच्या पहिल्या पानाला "वा!" म्हणणं, डमी उघडताना "जमवा कसंतरी" म्हणणं, हे सगळं त्याच जातीचं. (डमी म्हणजे करार खेळणाऱ्या डिक्लेररचा भागीदार, त्याची पानं टेबलावर उघडी असतात.) डमीनं तर डाव संपेपर्यंत पत्त्यांबद्दल ब्र काढायचा नाही.

चालतं काय? डमी दिसल्यावर डिक्लेररनं "थँक्यू पार्टनर" म्हणायची रीत आहे, स्क्रीनवर ते "टीवायपी" असं येतं. पण ते प्रत्येक डावात म्हणा, डमी कितीही भिकार असो. चांगल्या डमीलाच म्हणायची सवय लागली की तुमच्या गप्प बसण्यावरून समोरचे तुमची अडचण ओळखतात.

तर्रीपोहे, वणी :

बिनहुकुमीभाऊ, बरोबर आहे, पन थट्टेचा सगळ्यात महाग प्रकार तुम्ही सोडून देल्ला. गमतीचं डबल! (डबल म्हंजे समोरच्याचा करार पडन असं म्हनून गुण आन् दंड वाढवनारी बोली.) दोस्त विरोधात बसला म्हणून त्याले चिडवाले डबल मारनारे लय हायेत. हिशेब पाहा. समोरच्याईनं दोन बदाम बोलले (बदाम हुकूम, आठ हातांचा करार), व्हल्नरेबल नाईत (व्हल्नरेबल बाजूले बक्षीस आन् दंड मोठे असते), आठ हात केले, तर ११० गुण. तुम्ही डबल मारलं आन् तेच आठ हात झाले तर ४७०. काऊन का, दोन बदामाचे ६० दुप्पट होऊन १२० होते, म्हंजे गेमचं मोठं बक्षीस भेटाले लागते त्या १०० च्या वर, मंग गेमचे ३०० आन् वरून डबल काढल्याचे ५०. फरक ३६०, म्हंजे ८ इम्प (टीमच्या खेळात गुणांच्या फरकावरून मोजतात थे मार्क). आन् एक हात कमी पडला तर तुमाले ५० च्या जागी १०० भेटते, म्हंजे कमाई फक्त २ इम्प. थेच समोरचे व्हल्नरेबल असले तर ६७०, ११ इम्प गेले! चिडवाचं असन तर डाव झाल्यावर लिवा, फुकट पडते.

आन् घरचे "पत्ते कुटत बसते" म्हनत असन तर त्याईले २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळाचं सांगा. पुरुषांच्या जोडीत भारताले ब्रिजचं सुवर्ण भेटलं होतं, प्रणब बर्धन आन् शिबनाथ सरकार. त्यात बर्धन साठीचे होते. आमच्या घरी हे ऐकून चहा भेटला.

एक्काराजा, मेहकर :

चॅटच्या खिडकीबद्दल. मजकूर कुणाला जाणार ते पाठवण्याआधी निवडावं लागतं : सगळ्या टेबलाला, फक्त विरोधकांना, बघ्यांना किंवा एकाला खासगी. फोनवर ही निवड छोटी दिसते आणि मागच्या वेळची तशीच राहून जाते. बघ्यांना म्हणून लिहिलेलं "याच्याकडे राणी नाही, बघा आता" टेबलाला गेलं की डाव तिथंच मेला. उपाय साधा आहे : खेळत असताना बघ्यांशी गप्पाच नकोत.

अलर्टची, म्हणजे खास अर्थाची बोली विरोधकांना सांगण्याची, भानगड नवीन लोकांना कळत नाही. खऱ्या टेबलावर तुमच्या बोलीचा अर्थ भागीदार सांगतो. ऑनलाइन मात्र स्वतःच्या बोलीचा अर्थ स्वतः द्यायचा, आणि तो फक्त विरोधकांना दिसतो. तो बोलीच्या खोक्यातच टाका, टेबलाच्या चॅटमध्ये नव्हे. तिथं टाकला तर भागीदारालाही कळतं की तुमच्या दोन किलवरचा अर्थ तुम्ही स्टेमन (भागीदाराकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का, असं विचारणारी ठरीव बोली) धरला आहे की खरे किलवर.

आणखी एक, याबद्दल फार कमी बोललं जातं. खुल्या टेबलावर समोर पोलंडचे किंवा तुर्कस्तानचे खेळाडू असतील तर आपसात मराठीत लिहू नका. तुम्ही "जेवण झालं का?" विचारत असाल, पण त्यांना काय माहीत? न कळणाऱ्या भाषेतली दोन वाक्यं आणि लगेच भागीदाराचं अचूक पहिलं पान, एवढ्यावर इशारेबाजीचा संशय येतो. तिथं साधी इंग्रजी. वऱ्हाडी आपल्या बंद टेबलावर. टेबल उघडताना खेळायला आणि बघायला परवानगी लागेल असे पर्याय असतात, ते लावले की चारही गडी आपलेच.

व्हॉट्सॲप कॉल चालू ठेवून खेळणं तर साफ बंद. आवाजातला चढउतार चॅटपेक्षा जास्त सांगतो.

सिंगलफेज, दर्यापूर :

लाइटचं मी सांगतो. गावठाण फीडर गेला की वायफाय जातं, आणि थोड्या वेळानं टॉवरची बॅटरी बसली की मोबाइलचं नेटही जातं. म्हणजे लाइट गेल्याबरोबर हॉटस्पॉट सुरू करून डाव संपवायला तेवढाच वेळ मिळतो. नवा डाव घेऊ नका.

राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा. घ्यायच्या आधी राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, पण ९ आणि ५ चेही आहेत, आणि चुकीचा जोडला तर राउटर जळू शकतो. फायबर असेल आणि भिंतीवरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, म्हणून दोन्ही डब्यांना वीज देणाऱ्या दोन पिना बाहेर असलेला यूपीएस घ्या. एकट्या राउटरला यूपीएस लावून "नेट का नाही" विचारणारे बरेच आहेत. मृगाच्या गडगडाटात अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवा, यूपीएसवर चालू द्या.

दोस्ती बिघडते ती न सांगता गायब होण्यानं. पानं वाईट आली की ज्यांचं नेट जातं अशी मंडळी सगळ्यांना पाठ असतात. खरंच लाइट गेले तर गटावर दोनच शब्द : "लाइट गेले". "लाइट गेले, नाहीतर स्लॅम होता" असं नको (स्लॅम म्हणजे बारा किंवा तेरा हातांचा करार). ती पुन्हा माहितीच झाली.

ज्यांच्या शेतात थ्री फेज रात्री येतो आणि ओलित आहे, त्यांनी बसतानाच सांगावं की दहाला मोटर सुरू करायला उठणार. पाचवा गडी राखीव ठेवला तर टेबल मोडत नाही.

किलवरदुर्री, आर्वी :

राखीव गड्याची युक्ती छान. फक्त तो आधी बघ्या म्हणून त्याच डावात बसलेला नको, चारही हात पाहिलेले असतात. पुढच्या डावापासून घ्या.

चौकटसत्ती, शेगाव :

नावावरून ओळखलंच असेल. जगभरच्या ब्रिजवाल्यांत एक जुनी गंमत आहे : ठरलेला करार पुरा करून शेवटचा, तेरावा हात चौकट सत्तीनं जिंकला तर भागीदारानं बिअर पाजायची. बचावाच्या बाजूनं करार पाडून तेरावा हात सत्तीनं घेतला तरी तेच. चौकट हुकूम असेल तर बहुतेक लोक धरत नाहीत, कारण मग ते सोपं होतं. आमच्या टेबलावर बिअरच्या जागी कचोरी आहे.

शेवटी काय दिसतं ते पाहा. करार तीन नोट्रम्प, म्हणजे हुकुमाशिवाय नऊ हात. आठ हात झाले, हातात दोन पानं : इस्पिक राजा आणि चौकट सत्ती. इस्पिकचा एक्का गेलेला आहे. आधी राजा, म्हणजे नववा हात आणि करार पुरा. मग सत्ती. चौकटची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची सातही पानं पडून गेली असतील तर सत्ती जिंकते. म्हणून ही सात पानं पहिल्यापासून मोजत जायची. एकाकडे अठ्ठी उरली तर कचोरी गेली, करार मात्र शाबूत.

बिघडतं कुठं? सत्ती जपायच्या नादात लोक आधीच्या हाताला जिंकणारं पान टाकून देतात. व्हल्नरेबल नसताना ४०० च्या जागी उणे ५० होतात, ४५० चा फरक, १० इम्प. आमचा नियम : सत्तीसाठी एकही हात सोडला तर कचोरी उलट तुम्हीच द्यायची. उधारी वहीत राहते आणि प्रत्यक्ष भेट झाली की फिटते. यामुळे पुसदचा माणूस शेगावात उतरल्याशिवाय पुढे जात नाही.

तेराचा पाढा, ब्रह्मपुरी :

"साइट मुद्दाम वाईट पानं वाटते" ही थट्टा रोज चालते, तर एकदा आकडे देऊन टाकते. समोरच्या दोघांत एखाद्या रंगाची सहा पानं असतील तर ती ३-३ अशी साधारण ३६ टक्के वेळाच वाटली जातात, ४-२ अशी ४८ टक्के. पाच पानं असतील तर ३-२ हे ६८ टक्के, ४-१ हे २८ टक्के. चार असतील तर १-३ हे जवळपास ५० टक्के, २-२ हे फक्त ४१. म्हणजे सम संख्येची पानं सारखी वाटली जातील ही अपेक्षाच चुकीची.

घरी हातानं पिसलेल्या पत्त्यांत वेगळं का दिसायचं? मागच्या डावातले हात चार-चारच्या गठ्ठ्यानं एकाच रंगाचे गोळा होतात. दोनदा वरवर पिसून वाटले की प्रत्येकाला त्या रंगाचं एकेक जातं आणि सगळ्यांचे हात सपाट येतात. दोन भाग करून एकमेकांत सरकवत सात वेळा पिसलं तरच पत्ते नीट मिसळतात. संगणक नीट मिसळतो, म्हणून तो वाईट वाटतो.

नव्वीच्या वर एकही पान नाही, असा तेरा पानांचा हात आला की टेबलावर दुखवटा पाळतात. त्याला यारबरो म्हणतात. प्रमाण १८२८ हातांत एक. रात्रीला वीस डाव खेळणाऱ्याला सरासरीनं तीन महिन्यांतून एकदा. त्यापेक्षा जास्त वेळा तक्रार करणाऱ्याचं ऐकू नये.

राखीवगडी, काटोल :

दोनच गोष्टी. प्रोफाइलवर नवशिक्यापासून जागतिक दर्जापर्यंतची पातळी स्वतःच लिहायची असते, कुणी तपासत नाही. "एक्स्पर्ट" लिहिलं तर थट्टा सोसायची तयारी ठेवा. "इंटरमीजिएट" लिहिणाऱ्याला डाव चुकल्यावर माफी असते.

दुसरी, अनडूची, म्हणजे केलेली बोली किंवा टाकलेलं पान परत घेण्याची. फोनवर बोट घसरून तीन इस्पिकच्या जागी तीन नोट्रम्प पडतं. सेटिंगमध्ये बोली आणि पान दोन्हीला खात्री विचारण्याचा पर्याय चालू करा, निम्मे अनडू तिथंच संपतात. समोरच्यानं बोट घसरलं म्हणून लगेच अनडू मागितलं तर द्या. तुमच्या पानानंतर विचार बदलून मागितलं तर नाही दिलं तरी चालतं, आणि त्यावरून त्याला आठवडाभर चिडवता येतं. क्लेम करताना (उरलेले हात न खेळताच आपले म्हणून डाव संपवताना) मात्र ते हात कसे घेणार ते एका ओळीत लिहा. "उरलेले माझे" एवढंच लिहिलं तर समोरचा नाकारतो आणि भांडण लागतं, थट्टा नव्हे.

डावाची चिरफाड रात्री तिथंच नको. डावाची नोंद साइटवर राहते, सकाळी चहासोबत उघडा. आणि भागीदाराला "तू असं का केलं?" विचारण्याऐवजी "बोलीवरून तुले माझ्याकडे काय वाटलं?" असं विचारलं तर उत्तर कामाचं मिळतं.

पानगे, वाशीम :

ऑनलाइनवाले पहिल्यांदा खऱ्या टेबलावर भेटतात तेव्हा काय चुकतं, ते राहिलं. स्क्रीन रंग चुकवू देत नाही, पाळी नसताना पान टाकू देत नाही, कमी बोली लावू देत नाही. खऱ्या टेबलावर हे तिन्ही होतं. रंग असून दुसरं पान टाकलं आणि ते पक्कं झालं तर बहुतेक वेळा एक किंवा दोन हातांचा दंड लागतो. अलर्ट आता भागीदारानं द्यायचा, स्वतः नाही. सवयीनं तोंडातून अर्थ निघतोच, म्हणून पहिले चार डाव सरावाचे ठेवा. पहिलं पान पालथं ठेवायचं, भागीदारानं काही विचारायचं नाही म्हटलं की मगच उलटवायचं. मेंढीकोटासारखे हात मधे गोळा करायचे नाहीत. आपलं पान आपल्यासमोर पालथं, जिंकलं तर उभं, हरलं तर आडवं.

आठ गडी असतील तर दोन टेबलं, चार-चारच्या दोन टीम. चोवीस डावांना जवळपास तीन तास धरा. त्यात जेवण धरलेलं नाही. मे महिन्यात भेटत असाल तर टेबल कूलरच्या झोतात लावू नका, बिडिंग बॉक्समधली, म्हणजे बोल्या छापलेल्या डब्यातली, पानं उडतात आणि सात नोट्रम्पचं पान दुसऱ्याच्या ताटात जातं.

तर्रीपोहे, वणी :

बॉक्स कोनाजवळ हायेत?

पानगे, वाशीम :

माझ्याकडे एका टेबलापुरते चार आहेत, बोर्ड (वाटलेली पानं तशीच ठेवून दुसऱ्या टेबलावर न्यायचे खोके) सोळा. दुसऱ्या टेबलाचे चार काटोलवाल्यांनी आणावे. कचोरीची वही शेगाववाल्यांकडे आहेच.