'सेल सरफेस प्रोटीन'ला शब्द हवा

खारघरकर : रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पत्रक मराठीत करते आहे. कुठल्या पेशीवर कुठली प्रथिनं असतात याची शास्त्रज्ञ जंत्री करतात, त्यावर. मी 'पेशीपृष्ठ प्रथिन' लिहिलं. ठाण्याला बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "पाठीतल्या पेशी का?" कार-टी या कर्करोगावरच्या उपचारात बऱ्याचदा बी-पेशींवरच्या (या रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सीडी१९ या प्रथिनावर नेम धरतात, त्यामुळे शब्द टाळताही येत नाही.

नौपाडा : बाबांचं बरोबर आहे. पृष्ठ म्हणजे मुळात पाठच, पृष्ठवंशीय प्राणी आठवा. 'पेशीच्या अंगावरचं प्रथिन' लिहा.

ऐरोली : 'अंगावरचं' म्हटलं की आईचं दूध डोळ्यांपुढे येतं. आणि यातली बरीच प्रथिनं नुसती वर बसलेली नसतात, पटलाच्या, म्हणजे पेशीच्या आवरणाच्या, आरपार असतात. म्हणून 'पटलप्रथिन'.

लॅबमधली : पटलातलं प्रत्येक प्रथिन बाहेर डोकावत नाही. प्रथिन ओळखायला आम्ही प्रतिपिंड (अँटिबॉडी) चिकटवतो ते बाहेरच्या टोकाला. लॅबमध्ये सगळे 'मार्कर'च म्हणतात. मराठीत 'खूण' का नको?

नौपाडा : खूण कोणीतरी केलेली असते. ही प्रथिनं पेशीची कामं करतात, ओळख आपण त्यांवरून पटवतो. सीडी४ या प्रथिनाचा आधार घेऊन एचआयव्ही पेशीत शिरतो, ती काय खूण झाली?

लॅबमधली : पटलं. शिवाय सीडी४ टी-पेशींवर असतं तसं मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरही थोडं असतं. एकावरून पेशी ओळखू येत नाही, तीन-चार एकत्र बघावी लागतात.

ऐरोली : मराठी शब्द घडवायलाच हवेत. 'दिनांक', 'महापौर' रुळलेच ना?

लॅबमधली : रुळेपर्यंत रुग्ण थांबत नाही. सीडी४ला पूर्वी कोणी टी४ म्हणे, कोणी लेऊ३. प्रतिपिंड वेगळा की नाव वेगळं. १९८२मध्ये पॅरिसला बैठक होऊन सीडी क्रमांक ठरायला लागले, तेव्हा एकमेकांचं कळू लागलं.

ऐरोली : क्रमांक म्हणजे भाषा नव्हे. आणि 'जंत्री' तरी कशाला? हिंदीत ते पंचांग. 'सूची' लिहा.

नौपाडा : जंत्री 'यंत्र'वरून आली, यंत्र म्हणजे चौकटी आखलेला तक्ता. इथेही आडव्या ओळीत पेशी, उभ्या रकान्यात प्रथिनं. सूचीत तो आकार दिसत नाही.

ऐरोली : गुजरातेत जमिनीच्या सरकारी दरांना जंत्री म्हणतात. माझ्या सासरी हा शब्द ऐकला की सगळ्यांना मुद्रांक शुल्कच आठवतं.

खारघरकर : पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. 'पृष्ठ' ठेवू की काढू?

नौपाडा : दरांचाही तक्ताच असतो की! माझाच मुद्दा झाला.