स्थानिक क्राफ्ट बिअर ओळखून चाखायच्या आहेत: क्रम, नोंदी आणि दोषांबद्दल सल्ला हवा

फेसाळ

क्राफ्ट बिअर नुसती पिण्यापेक्षा नीट पारखायला शिकायची आहे. जवळच्या छोट्या ब्रुअरींकडून लागर, गव्हाची बिअर, पेल एल, आयपीए (इंडिया पेल एल, जास्त हॉप्सची कडू बिअर) आणि स्टाउट असे प्रकार मिळतात, काही टॅपवर (नळातून) तर काही कॅनमध्ये. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं. प्रश्न असे:

१. एका बैठकीत किती घ्याव्यात आणि कोणत्या क्रमाने?
२. दोन महिन्यांनी तुलना करता येईल अशा नोंदी कशा ठेवायच्या?
३. टॅपवरच्या आयपीएला कधीकधी बटरचा वास येतो. दोष ब्रुअरीचा की विकणाऱ्याचा?
४. कॅन आणून ठेवले तर किती दिवस चांगले राहतात?

माल्टमित्र

क्रम फिकट रंगाकडून गडद रंगाकडे असं बरेच जण सांगतात, पण रंग फसवतो. काळीकुट्ट स्टाउट साडेचार टक्क्यांची आणि मवाळ असू शकते, तर सोनेरी डबल आयपीए आठ टक्क्यांची असते आणि तिच्यानंतर जिभेला दुसरं काही कळत नाही. म्हणून कडूपणा आणि अल्कोहोल या दोन गोष्टींवर क्रम लावा. तुमच्या यादीत आधी लागर, मग गव्हाची, मग पेल एल, मग स्टाउट आणि शेवटी आयपीए.

लेबलवरचा आयबीयू आकडा क्रमासाठी पुरेसा नाही. तो कडू द्रव्याचं प्रमाण सांगतो, जिभेला किती कडू लागेल ते नाही. ५० आयबीयूची गोडसर, भरीव स्टाउट ३५ आयबीयूच्या पातळ पेल एलपेक्षा सौम्य वाटू शकते.

प्रत्येकी १०० मिलि घ्या, पाचाच्या वर जाऊ नका. पाचव्यानंतर नाक थकतं आणि त्यापुढच्या नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. शुद्ध अल्कोहोलचा हिशोब सोपा आहे: मिलि गुणिले टक्के गुणिले ०.००७८९ म्हणजे ग्रॅम. सरासरी सहा टक्क्यांच्या बिअरचे ५०० मिलि म्हणजे जवळजवळ २४ ग्रॅम. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, हे बैठकीआधीच ठरवून टाका.

तापमानाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. लागर ४ ते ७ अंश, गव्हाची आणि पेल एल ७ ते १०, स्टाउट १० ते १३. फ्रिजमधून काढलेल्या स्टाउटला १५-२० मिनिटं तशीच राहू द्या. अतिथंड बिअरमध्ये सुगंध दबतो आणि त्याबरोबर दोषही लपतात.

पेला गोठवू नका. आतल्या बाजूला जमलेल्या बर्फामुळे फेस उसळतो आणि बिअरमध्ये पाणी मिसळतं. पेला खरोखर स्वच्छ आहे का, हे पाहायला तो ओला करून उपडा धरा. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर स्वच्छ, थेंब थेंब झाले तर तेलकट थर आहे. बिअर ओतल्यावर बुडबुडे आतल्या भिंतीला चिकटून राहिले तरी तेच समजा. फडक्याने पुसू नका, जाळीवर उपडा ठेवून वाळू द्या.

होपवेल

नोंदींसाठी नवीन पद्धत शोधायची गरज नाही. बीजेसीपी ही बिअर परीक्षकांची संस्था १९८५ पासून आहे आणि तिची ५० गुणांची विभागणी उत्तम आहे: सुगंध १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण परिणाम १०. रूपाला फक्त तीन गुण आहेत हे लक्षात ठेवा. गढूळ दिसली म्हणून वाईट, असा निष्कर्ष लगेच काढू नका.

लिहिण्याचा क्रमही ठरलेला असू द्या. ओतल्याबरोबर आधी वास, कारण काही वास मिनिटभरात उडून जातात. पेल्यावर तळहात ठेवून हलका फिरवा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. मग रंग आणि फेस. मग घोट, आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. निम्मी ओळख तिथे पटते. वाइनसारखं थुंकू नका, कारण शेवटी रेंगाळणारा कडूपणा गिळल्यावरच नीट कळतो.

प्रत्येक नोंदीत पॅकिंगची तारीख, कॅन की टॅप, पिताना तापमान आणि बिअर आधी कुठे ठेवली होती हे लिहाच. एवढं नसेल तर दोन महिन्यांनी केलेली तुलना निरर्थक ठरते. "छान", "मस्त" हे शब्द वहीतून हद्दपार करा. "संत्र्याच्या सालीचा वास, मध्यम, कडूपणा लगेच ओसरतो" असं लिहा.

यीस्टकर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण इथे छोट्या ब्रुअरींवर बऱ्याचदा विनाकारण ठपका येतो.

बटरचा वास म्हणजे डायअ‍ॅसेटाइल. साधारण ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटरला तो बऱ्याच जणांना जाणवतो, पण काहींना त्याच्या कितीतरी पट असला तरी कळत नाही. तो तीन ठिकाणांहून येतो.

पहिलं ठिकाण आंबवण्याची टाकी. यीस्ट आधी त्याचं पूर्वद्रव्य बाहेर टाकतं, त्यापासून डायअ‍ॅसेटाइल होतं आणि मग तेच यीस्ट ते पुन्हा शोषून घेतं. हे शोषण पूर्ण होण्याआधी बिअर थंड केली की वास मागे राहतो. ब्रुअर याची चाचणी करतात: एक नमुना ६० अंशांवर २० मिनिटं ठेवून थंड करायचा आणि न तापवलेल्या नमुन्याशी वासाची तुलना करायची. फक्त तापवलेल्यात बटर आलं तर पूर्वद्रव्य शिल्लक आहे; बिअर आणखी काही दिवस १८ ते २० अंशांवर ठेवावी लागते.

दुसरं ठिकाण आयपीएचं खास आहे. आंबवून झाल्यावर वरून घातलेल्या हॉप्समध्ये एन्झाइम असतात. यीस्टला न पचणाऱ्या शर्करा ते फोडतात, आंबणं पुन्हा सुरू होतं आणि डायअ‍ॅसेटाइलही पुन्हा तयार होतं. ब्रुअरने घाईने कॅन भरले तर हे सगळं कॅनमध्ये घडतं. अशा कॅनला फेसही जास्त येतो.

तिसरं ठिकाण टॅपची नळी. पेडिओकॉकस जिवाणू नळीच्या आत थर धरतात आणि केगमधल्या (बिअरच्या पिंपातल्या) निर्दोष बिअरला शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये बिघडवतात. दर १४ दिवसांनी दोन टक्के कॉस्टिक द्रावण नळीतून फिरवून ती धुवावी आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने साचलेले क्षार काढावेत, ही अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस आहे.

आता निवाडा. तीच बिअर, शक्य तर त्याच बॅचची, कॅनमधून घ्या आणि टॅपच्या शेजारी ठेवून चाखा. दोन्हींत बटर असेल तर ब्रुअरीकडचं. फक्त टॅपमध्ये असेल आणि सोबत आंबूस छटा असेल तर नळी. त्याच बारमधल्या दुसऱ्या ब्रुअरीच्या टॅपलाही तसाच वास असेल तर शंकाच उरत नाही. दिवसाचा पहिला पेला घेऊन हे ठरवू नका, कारण ती बिअर रात्रभर नळीत पडून असते.

तांबूस

वरच्या प्रतिसादाला पुस्ती: हातपंपाने केगमध्ये हवा भरून बिअर काढली असेल तर दुसऱ्या दिवशीच ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या टॅपला ही अडचण येत नाही.

चौथ्या प्रश्नासाठी ब्रुअरी वापरतात तो ३-३०-३०० चा ठोकताळा लक्षात ठेवा. ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, या तिन्हींत बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. गाडीच्या डिकीत विसरलेल्या कॅनचं काय होत असेल ते यावरून कळेल. आयपीए मात्र फ्रिजमध्येही तीन महिन्यांच्या आत संपवा, पहिल्या सहा आठवड्यांत प्याल तर उत्तम. हॉप्सचा सुगंध सगळ्यात आधी जातो, मागे गोडसर, मधासारखी चव उरते आणि रंग मळतो. जास्त अल्कोहोलच्या स्टाउटला वर्षभर ठेवायला हरकत नाही.

बाटली घेत असाल तर तपकिरीच. प्रकाशाने हॉप्समधलं कडू द्रव्य फुटतं आणि उग्र, गंधकासारखा वास येतो. हिरवी आणि पारदर्शक काच तो प्रकाश फारसा अडवत नाही. बाटल्या उभ्या ठेवा. तळाला गाळ असलेली पेल एल ओतताना शेवटचा एक सेंटिमीटर सोडा. गव्हाच्या बिअरचा गाळ मात्र हलवून पेल्यात घ्यायचा असतो.

फेसाळ

खूप उपयोगी पडलं, सगळ्यांचे आभार. हे दोष घरच्या घरी ओळखायला शिकता येतात का? आणि दोन बॅचमधला फरक खरा आहे की भास, हे कसं ठरवायचं?

यीस्टकर

येतात. प्रकाशाने येणाऱ्या वासासाठी एकच साधी लागर घ्या, दोन स्वच्छ पारदर्शक पेल्यांत ओता. एकाला सगळीकडून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा आणि दोन्ही कडक उन्हात २० मिनिटं ठेवा. नंतर दोन्ही सारखे थंड करून वास घ्या. म्हाताऱ्या बिअरसाठी एक कॅन फ्रिजमध्ये आणि दुसरा दोन-तीन आठवडे घरातल्या उबदार कपाटात ठेवून शेजारी शेजारी चाखा. मक्याचा वास, म्हणजे डीएमएस, शिकायला डब्यातल्या स्वीटकॉर्नचं पाणी थेंबाथेंबाने लागरमध्ये घाला. मात्र गव्हाच्या बिअरमधला लवंगेचा आणि केळ्याचा वास दोष म्हणून लिहू नका. तो तिच्या यीस्टचा गुण आहे. लागरमध्ये आला तर मात्र गडबड आहे.

होपवेल

बॅचच्या फरकासाठी त्रिकोणी चाचणी करा. तीन सारखे पेले, दोनांत एक बॅच, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा माणूस असावा आणि पेल्यांखाली त्याने खुणा कराव्यात. तुम्ही फक्त वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून सहा फेऱ्यांत किमान पाच वेळा बरोबर आलात तरच फरक खरा माना. बारा फेऱ्या केल्यात तर आठ वेळा. प्रत्येक फेरीला पेल्यात ३० मिलि पुरतात, तरी सहा फेऱ्यांची बिअर अर्धा लिटरच्या वर जाते. चाचणी दोन दिवसांत विभागा, आणि रंगात फरक असेल तर दिवा मंद करा किंवा डोळ्यांवर पट्टी बांधा.