एकरकमी भरपाई दिल्याने आरक्षणाचा प्रश्न मिटेल का?

परळकर

२०२५च्या गणपतीत आझाद मैदानावर मराठा आंदोलन झाले, तेव्हापासून फोर्टमधल्या आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत आरक्षण हाच विषय असतो. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, सरकारने प्रत्येक पीडित कुटुंबाला एकदाच ठरावीक रक्कम द्यावी आणि त्यानंतर आरक्षण बंद करावे. आधार म्हणून तो अमेरिकेकडे बोट दाखवतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांना प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. उलट दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांना मात्र १९८८च्या कायद्याने प्रत्येकी २०,००० डॉलर आणि सरकारची माफी मिळाली. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन शहराने घराच्या बाबतीत अन्याय झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना २५,००० डॉलर देण्याची योजना आखली, हेही तो सांगतो.

आपल्याकडे असे काही कायद्याने शक्य आहे का, आणि ते न्याय्य ठरेल का? आरक्षण मुळात दहाच वर्षांसाठी होते, हे कितपत खरे, तेही कोणी सांगितले तर बरे होईल.

कायदेवाचक

दहा वर्षांचा मुद्दा आधी संपवतो, कारण तो दर चर्चेत येतो. ती मुदत अनुच्छेद ३३४ मध्ये आहे आणि ती लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांपुरती आहे. संसद ती दर दहा वर्षांनी वाढवत आली असून १०४ व्या घटनादुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत गेली आहे. शिक्षण आणि नोकरीतील आरक्षण अनुच्छेद १५(४) व १६(४) यांवर उभे आहे आणि त्यांना कोणतीही मुदत घातलेली नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. भरपाई द्यायची तर नुकसान कोणाचे झाले, कोणी केले आणि किती झाले, ही तीन उत्तरे हाताशी लागतात. छावण्यांच्या बाबतीत ती होती: कैद सरकारने केली होती, नोंदी सरकारच्याच दप्तरात होत्या आणि पैसे हयात व्यक्तींना मिळाले. अनुच्छेद १६(४) वेगळेच विचारतो. राज्याच्या सेवांत एखाद्या मागास वर्गाला पुरेसे प्रतिनिधित्व आहे की नाही, एवढीच त्याची कसोटी आहे. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ज्यांना प्रशासनात आजवर शिरकावच मिळाला नाही, अशा समाजांसाठी ही तरतूद असल्याचे स्पष्ट केले होते. त्याआधी २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांतून भरण्याचा हुकूम काढला, तोही जागांचाच होता. तुमच्या सहकाऱ्याने सुचवलेली रक्कम उद्या खरोखर वाटली, तरी मंत्रालयात फाइलवर सही कोण करतो, यात त्यामुळे काहीही फरक पडणार नाही. म्हणून दोन्हींची अदलाबदल होऊ शकते, हे गृहीतकच मला मान्य नाही.

चेंबूरची वाचक

वरील उत्तर बरोबर आहे, पण त्यातून आपल्या राज्याने भरपाई कधी दिलीच नाही असे वाटेल, म्हणून लिहिते.

गटारात किंवा मैलाटाकीत उतरून मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना, १९९३ पासूनचे सर्व मृत्यू शोधून, प्रत्येकी १० लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख झाली. जातीने लादलेल्या कामाबद्दल थेट पैसे देण्याचे आपल्याकडचे हे सर्वांत ठळक उदाहरण आहे. आमच्या वस्तीतला एक तरुण पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीच्या टाकीत गुदमरून गेला, तेव्हा त्याच्या पत्नीचे कागद जमवायला मी मदत केली होती. ना हजेरीपट ना पगाराची पावती. ठेकेदार म्हणाला, हा माझा माणूसच नव्हे, सोसायटीने परस्पर बोलावला असेल. आणि सोसायटीच्या वहीत फक्त ‘टाकी सफाई’ असे लिहून पुढे आकडा टाकलेला. नवरा मेला हे सिद्ध करण्याची गरज नव्हती, तो कामावर असताना मेला हे सिद्ध करण्यात तिची दमछाक झाली.

जमिनीचा इतिहास याहून जुना आहे. महार वतन हे नावाला वतन, प्रत्यक्षात गावाची वेठ. त्याचा कायदा बदलण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. कनिष्ठ गावकामगार वतने शेवटी १ ऑगस्ट १९५९ पासून कायद्याने संपली, पण त्याच जमिनी वतनदारांना परत मिळाल्या त्या कब्जेहक्काची रक्कम सरकारात भरल्यावर, तीही नव्या शर्तीने. म्हणजे विकायची झाली तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि वर नजराणा. पिढ्यान्‌पिढ्या वेठ केलेल्यांनीच पैसे भरायचे, हा हिशेब मला आजही उलगडत नाही. अमेरिकेत मुक्त गुलामांना जानेवारी १८६५ मध्ये कबूल केलेले चाळीस एकर त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांकडे परत वळवले, ते निदान उघड उघड तरी होते. आज दादासाहेब गायकवाडांच्या नावाच्या योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे, पण खरेदीच्या दराला मर्यादा असल्याने त्या दरात जमीन विकायला कोण येणार?

आणि पात्र कुटुंबांची यादी कोण करणार? मुंबईत जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, तर विमुक्त आणि भटक्या जमातींच्या अर्जदाराकडून २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या आजोबांना शाळेच्या ओट्यावरही बसू दिले नाही, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा. नसेल तर तहसील कार्यालयात कोतवाल बुकातली जन्माची नोंद शोधायची. पानाची कड वाळवीने खाल्लेली असेल तर नातवाचे वर्ष गेले. इव्हॅन्स्टनमध्येही १९१९ ते १९६९ या काळातील वास्तव्य दाखवावे लागते, पण तिथे निदान शहर एकच आहे.

साशंक दादरकर

प्रतिनिधित्वाचा युक्तिवाद मला पटतो, परंतु तो सोयीस्करपणे अर्धाच मांडला जातो. प्रतिनिधित्व समाजाचे असेल, तर त्याच त्या कुटुंबांतील तिसरी पिढी राखीव जागेवर येते तेव्हा नेमके कोणाचे प्रतिनिधित्व वाढते? १९९२च्या इंद्रा साहनी निकालाने इतर मागास वर्गांना उन्नत गटाची (क्रीमी लेयर) अट लावली, म्हणजे त्यांतील सुस्थितीतल्यांना आरक्षणातून वगळले. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्यास, म्हणजे त्यांच्यातच गट पाडून आरक्षण वाटण्यास, मुभा दिली. तेव्हा हा प्रश्न विचारणारे सगळेच आरक्षणाचे विरोधक नसतात. शिवाय महाराष्ट्रात आधीच्या ५२ टक्के आरक्षणावर आर्थिक दुर्बल घटकांचे १० आणि मराठा समाजाचे १० धरले, तर बेरीज ७२ होते. मग आरक्षणावरच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेला काय अर्थ उरला?

चेंबूरची वाचक

दादरकर, उपवर्गीकरणाला माझा विरोध नाही. माझ्या ओळखीतली मातंग आणि मेहतर कुटुंबे ते मागतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. मेहतरांच्या वाट्याला तर सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींवरील वारसा हक्काची नोकरी आली आहे: बाप निवृत्त झाला की मुलाच्या हातात तोच झाडू. घर चालते म्हणून कोणी सोडत नाही आणि सोडावे असेही मी म्हणणार नाही, पण ही नोकरीसुद्धा कायम पदे असतील तरच. मुंबईत कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना महापालिकेत कायम होण्यासाठी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ५२ असो की ७२, ही टक्केवारी भरायच्या पदांवर लागते, ठेकेदाराच्या माणसांवर नाही.

कायदेवाचक

याला जोडून एवढेच. २०२४च्या निकालानुसार उपवर्गीकरण करायचे तर कोणत्या जातीचे किती लोक कोणत्या पदांवर आहेत, याची मोजणी राज्याला दाखवावी लागेल. केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये पुढील जनगणनेत जात मोजण्याचे जाहीर केले आहे, पण त्यातून लोकसंख्या कळेल. पदांचे आकडे प्रत्येक विभागाच्या आस्थापना शाखेतूनच काढावे लागतील आणि कंत्राटी माणसे तिथल्या बिंदुनामावलीत (कोणते पद कोणत्या प्रवर्गाला, याच्या नोंदवहीत) नसतातच.