कोल्हापुरातच राहून लोकल चॅनेलमध्ये आख्खं करिअर होऊ शकतं का?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन म्हणतोय, आज लिहितोच. मी कोल्हापूरचा, वय २८, इथल्याच एका लोकल केबल चॅनेलला कॅमेरा आणि एडिटिंग दोन्ही बघतो. २०१८ ला डिग्री हातात पडली आणि लगेच लागलो, तेव्हा वाटलं होतं की वर्षभर करू आणि दुसरं काहीतरी बघू. पण पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला. चार-पाच दिवस ऑफिसातच झोपलो, राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला टिकरवर, म्हणजे स्क्रीनखालच्या पट्टीवर, टाकायची, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले हे विचारायला फोन थांबत नव्हते. शिरोलीजवळ हायवे बंद, त्यामुळं कुठल्या गल्लीत पाणी कुठवर चढलंय हे दाखवायला आम्हीच. एका बाईंचा पुण्याहून फोन आला, म्हणाल्या तुमच्या लाइव्हमध्ये आमच्या घराचा जिना दिसला, तिसरी पायरी अजून कोरडी आहे, आता झोप लागेल. त्या दिवशी ठरवलं की आपलं काम हेच.

आता अडचण. पगार १७,५००. लग्नाच्या सीझनला बाहेरचं शूटिंग मिळतं ते वेगळं. घरात स्थळं बघायला लागलेत आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, चॅनेलला आहे तर मुंबईला का नाही गेला. ऑफिसात आम्ही नऊ जण होतो, आता पाच आहे. मालक चांगला माणूस आहे पण तोही म्हणतो की केबलची कनेक्शनं दर महिन्याला कमी व्हायला लागलीत.

मला साठीपर्यंत हेच काम करायचंय, इथंच. असं कुणी केलंय का? कसं केलं? का दोन-चार वर्षं मुंबईला काढून परत येणं शहाणपणाचं? कृपया खरं खरं सांगा.

जुना_स्विचर

भावा, मी केलंय म्हणून सांगतो. १९९४ पासून सांगली-मिरज पट्ट्यात आहे, आता ५४ पूर्ण होतील, आणि घर याच कामावर चाललंय, दोन पोरांची शिक्षणं याच्यावरच झाली.

मी लागलो तेव्हा चॅनेल म्हणजे केबलवाल्याची कंट्रोल रूम, त्यात व्हीसीआर आणि मॉड्युलेटर, बस्स. दुपारी पिक्चर, रात्री गावातल्या बातम्या, मध्ये साडीच्या दुकानाची स्लाइड. एडिटिंग म्हणजे व्हीएचएसची दोन मशीनं जोडून एका टेपवरून दुसऱ्या टेपवर, मधला एक शॉट चुकला की तिथून पुढचं सगळं परत करायचं, त्यामुळं शूट करतानाच डोक्यात कट पडायची सवय लागली ती आजपण उपयोगी पडते. मग मिनी डीव्ही आलं, मग कॉम्प्युटरवर एडियस नावाचं एडिटिंग सॉफ्टवेअर, मग मेमरी कार्ड, आणि आता व्हीमिक्स सॉफ्टवेअरवर लॅपटॉपनं चार कॅमेरे स्विच करतो ज्याला पूर्वी अख्खी गाडी लागायची. प्रत्येक वेळेला कुणीतरी म्हणायचं की आता हा धंदा संपला. नवीन मशीन आठ-पंधरा दिवसांत हातात बसतं रे, त्याची भीती धरू नकोस.

खरा दणका सेट टॉप बॉक्सनं दिला. २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं केबल डिजिटल झाली, आपल्या भागाचा नंबर तिसऱ्या टप्प्यात, २०१५ च्या अखेरची मुदत होती. त्याच्या आधी गावातला प्रत्येक केबलवाला आपापल्या कंट्रोल रूममधून स्वतःचं चॅनेल सोडायचा. मग सिग्नल एमएसओच्या, म्हणजे केबलवाल्यांना चॅनेलं पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या, हेडएंडवरून (मुख्य केंद्रावरून) यायला लागला आणि तिथं जागा पाहिजे तर पैसे मोजा. आमच्या ओळखीतली कितीतरी छोटी चॅनेलं त्यात गेली. आता त्यात नियमही आहेत, नोव्हेंबर २०२२ ला माहिती प्रसारण खात्यानं काढले, एमएसओवरच्या लोकल चॅनेलची नोंदणी लागते, स्थानिक बातम्या द्यायच्या तर मागं रजिस्टर्ड कंपनी लागते, स्क्रीनवर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' असं दिसलं पाहिजे आणि ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं. मालकाला सरळ विचार की हे सगळं केलंय का. केलं असेल तर माणूस लांबचा विचार करतोय असं समज. नसेल तर तू तरी सावध रहा.

आणि एक गोष्ट, ती अजून बोचते म्हणून लिहितो. आमच्याकडं टेप महाग, म्हणून त्याच त्याच टेपवर परत शूट करायचो. २००५ च्या पुरात मी कृष्णेकाठी कंबरभर पाण्यात उभा राहून शूट केलं होतं, आणि पुढच्या लग्नसराईत मीच त्या टेपवर कुणाचंतरी लग्न घेतलं. २०१९ च्या पुरानंतर एका कॉलेजचे सर आले, मागच्या पुरात पाणी कुठल्या खांबापर्यंत होतं ते त्यांना फुटेजवर बघायचं होतं. माझ्याकडं काहीही नव्हतं. तेव्हापासून रोजचं रोज दोन हार्ड डिस्कवर, तारीख आणि गल्लीच्या नावानिशी ठेवतो. एक डिस्क ऑफिसात, एक घरी वरच्या मजल्यावर. तू आजपासून सुरू कर. मालक जागा देत नसेल तर स्वतःच्या पैशानं डिस्क घे, पण त्याच्याकडून लेखी परवानगी घेऊन ठेव म्हणजे पुढं भांडण नको.

सांगलीची_लेक

मी सध्या मुंबईत एका डेली सोपच्या डिरेक्शन टीममध्ये आहे, अकरा वर्षं झाली. मूळ सांगलीची, त्यामुळे तुझं वाचून गलबलून आलं.

मुंबईबद्दल खरं सांगते. शिफ्ट कागदावर बारा तासांची, त्यात घोडबंदरला सेट असेल आणि तू राहणार मिरा रोडला किंवा गोरेगावात तर जाऊन येऊन अजून दोन-तीन तास धर. पेमेंट नव्वद दिवसांनी, म्हणजे जानेवारीत घाम गाळला त्याचे पैसे एप्रिलमध्ये, पहिले तीन महिने घरून पैसे आणूनच खायचे. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर सगळ्यांचे चेहरे बदलतात. सिरीयल बंद होणार हे आम्हाला कधी कधी तीन आठवडे आधी कळतं, मग परत सगळ्यांना फोन, कुठं काही आहे का. माझे एका प्रॉडक्शनकडे दोन महिन्यांचे पैसे अडकलेत ते अजून मिळाले नाहीत.

तरीपण मी म्हणेन की एकदा येऊन बघ, राहायला नाही, शिकायला. सहा महिने, फार तर वर्ष. शेड्यूल कसं लावतात, एका दिवसात वीस-बावीस मिनिटांचं फुटेज निघण्यासाठी लायटिंग आणि सीनचा क्रम कसा बसवतात, कंटिन्युइटी काय असते, साउंडवाला किती वेळा "परत घ्या" म्हणतो आणि त्याचं का ऐकायचं असतं, हे लोकल चॅनेलला एकट्यानं सगळं करताना शिकायला मिळत नाही. आणि हे शिकून कोल्हापूरला परत गेलास तर उपयोग आहे, कारण आता सिरीयली तुमच्याकडं येतायत. 'तुझ्यात जीव रंगला' वसगड्यात शूट झाली होती ना, त्यानंतर सातारा, वाई, कोल्हापूर सगळीकडं युनिट जातात, मोरेवाडीला चित्रनगरी आहेच. बाहेरून आलेल्या युनिटला गावातला माणूस लागतो ज्याला वाडा कुणाचा, चावी कुणाकडं, जनरेटर कुठून येईल हे माहीत आहे आणि कॅमेऱ्याचंही कळतं. असा माणूस मिळाला की आमचं प्रॉडक्शन त्याला सोडत नाही. चॅनेलचं काम चालू ठेवून वर्षाला पंचवीस-तीस दिवस हे केलंस तरी फरक पडेल.

वरळी_निवृत्त

मी दूरदर्शनच्या मुंबई केंद्रात १९८३ ला लागलो आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझं आयुष्यभराचं करिअर झालं खरं, पण तो रस्ता तुम्हाला जसाच्या तसा मिळणार नाही हे आधी सांगतो. केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, मी गेलो तेव्हा रंगीत टीव्हीला जेमतेम वर्ष झालं होतं, जागा निघत होत्या, सरकारी नोकरी, पेन्शन, आणि शिकायला पुण्याला एफटीआयआयच्या (फिल्म इन्स्टिट्यूटच्या) टीव्ही विभागात पाठवायचे. १९९७ ला प्रसार भारती झालं आणि त्यानंतर कायमच्या जागा आटत गेल्या, आता बरेच जण कॅज्युअल किंवा कराराने काम करतात.

पण एक गोष्ट तिथं शिकलो ती कुठंही चालेल. मी बराच काळ 'आमची माती आमची माणसं'च्या शूटिंगला जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा द्राक्षबागेत सुंदर सुंदर शॉट घेतले, उन्हाची तिरीप वगैरे, आणि परत आल्यावर निर्मात्यांनी विचारलं, पानाची खालची बाजू कुठाय? रोग तर तिथं दिसतो. मी घेतलीच नव्हती, कारण मला माहीतच नव्हतं. परत जावं लागलं. त्यानंतर शूटिंगच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याबरोबर नुसतं हिंडायचो, कॅमेरा गाडीतच. पुढे पुढे मुलाखत चालू असताना शेतकऱ्याचा हात कुठं जातोय त्यावरून मला क्लोजअप कळायचा, आणि नवीन निर्माते मला विचारून स्क्रिप्ट करायचे. पंचगंगाकाठ, तुम्ही जिन्याची तिसरी पायरी दाखवलीत ना, ते हेच काम आहे. तुमच्या गावाचं असं काय आहे जे बाहेरच्या कॅमेरामनला दिसणार नाही, ते वाढवत न्या. शेती, तालमी, फुटबॉल, गूळ, नदी, जे असेल ते.

शिकायचंच असेल तर एफटीआयआयचे टीव्हीचे एक वर्षाचे कोर्स आहेत, एडिटिंग, कॅमेरा, साउंड, दिग्दर्शन असे वेगवेगळे. डिग्री आहे तुमच्याकडे, प्रवेश परीक्षा द्या. माझं वैयक्तिक मत, साउंड घ्या. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे, चांगला आवाज घेणारा माणूस जिल्ह्यात शोधून सापडत नाही.

हिशेबनीस

थोडक्यात पैशाचं बोलतो कारण कुणीच बोलत नाही. १७,५०० पगार म्हणजे ईएसआयसीच्या (कामगार विम्याच्या) २१,००० च्या मर्यादेत आहात, पण त्यासाठी ऑफिसात दहा माणसं लागतात, पीएफला वीस, तुमच्याकडं पाच म्हणजे दोन्ही नाही. मग स्वतःचं स्वतः करा. पीपीएफ उघडा, लग्नाच्या सीझनच्या पैशातून वर्षाला ठराविक रक्कम टाकाच. मेडिक्लेम तिशीच्या आत घ्या, खांद्यावर कॅमेरा घेऊन कंबर-मान जाणारे माझे चार क्लायंट आहेत. आणि बाहेरच्या कामाचा जो टीडीएस कापतात तो आयकराच्या पोर्टलवर बघा, रिटर्न भरलं की बहुतेक परत मिळेल. तुमच्यासारखी पोरं रिटर्नच भरत नाहीत, मग कर्जाला बँकेत गेलं की दाखवायला कागद नसतो.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं, तिला हिशेबनीस साहेबांचं सगळ्यात पटलं.

स्विचर काका, सकाळी मालकाला विचारलं. कंपनी आहे, नोंदणीचं काम अर्धवट आहे, मीच मागं लागून पूर्ण करून घेतो म्हणालोय. हार्ड डिस्क उद्या आणतो. ताई, सहा महिन्यांचं डोक्यात घेतलंय, पण फुटबॉल सीझन सोडून जाणार नाही, शाहू स्टेडियमला पीटीएम-दिलबहार या दोन तालमींची मॅच असली की आमच्या लाइव्हला दुबईहून, पुण्याहून पोरं येऊन बसतात, गेल्या सीझनला कॅमेरा मीच सांभाळला. सर, साउंडचं तुम्ही म्हणालात ते खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं, परीक्षेची माहिती काढतो.

आता एक लगेचचा प्रश्न. ९ नोव्हेंबरपासून अंबाबाईचा किरणोत्सव, तीन दिवस, यंदा गाभाऱ्याकडचा कॅमेरा पहिल्यांदाच माझ्याकडं आहे. आतले लाइट बंद करतात आणि किरण मूर्तीवर आले की सगळा खेळ काही मिनिटांचा. गेल्या वर्षी ज्याच्याकडं कॅमेरा होता त्याचं नेमकं त्या वेळेला सगळं पांढरं पडलं होतं. काय सेटिंग ठेवू?

जुना_स्विचर

ऑटो आयरिस (लेन्समध्ये किती उजेड घ्यायचा ते कॅमेऱ्यानं आपोआप ठरवणं) बंद, ही पहिली गोष्ट. आत अंधार म्हणून कॅमेरा आयरिस पूर्ण उघडून बसतो आणि ऊन आलं की फाटतं, गेल्या वर्षी तेच झालं असणार. सगळं मॅन्युअल. शटर ५०, व्हाइट बॅलन्स ५६०० ला प्रीसेट, मावळतीचा पिवळेपणा राहू दे, तो काढायला जाऊ नकोस. गेन, म्हणजे अंधारात चित्र उजळ करायचं सेटिंग, सहा डीबीच्या वर नको, किरण यायच्या आधी चित्र काळपट दिसलं तरी चालेल, लोक वाट बघतात. झीब्रा लावून ठेव, जिथं चित्र पांढरं पडायला लागतं तिथं पट्टे दिसतात. आणि ८ तारखेला त्याच वेळेला जाऊन ट्रायल घे, किरण त्या दिवशीपण गरुड मंडपाच्या पुढं येतात, ढग नसतील तर अंदाज येतो. ट्रायलचं फुटेजपण डिस्कवर ठेव.

वरळी_निवृत्त

एक भर. मंडपात एक माइक वेगळा लावा, अँकरचा सोडून, घंटेचा आणि लोकांचा आवाज त्यावर येऊ दे. आणि किरण चेहऱ्यापर्यंत पोचले की अँकरला गप्प राहायला सांगा.

पंचगंगाकाठ

सांगतो सर. माइक आजच चेक करून ठेवतो.