सहा महिन्यांच्या बाळाला ज्वारीची पेज कशी द्यावी?

प्रश्न (औसा): बाळाला सहा महिने पूर्ण झाले. सासूबाई म्हणतात, ज्वारीची पातळ पेज आणि वरणाचं वरचं पाणी सुरू कर. किती द्यावं?

उत्तर (परभणी): ताई, ज्वारी चांगलीच, पण पातळ नको. एवढंसं पोट पाण्यानंच भरलं तर बाळाला ताकद कुठून मिळणार? चमचा तिरका केला तरी पेज लगेच ओघळू नये. दोन वाट्या ज्वारीला एक वाटी मूगडाळ, वेगवेगळी भाजून बारीक दळा. पीठ आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मग दहा मिनिटं शिजवा. वरून चमचाभर तूप. दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. हळूहळू अर्धी वाटी. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

आणि ज्वारीला मोड आणू नका. तिच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. मोड हवेत तर मुगाला आणा.

उत्तर (अंबाजोगाई): वर्षापर्यंत मीठ, साखर, गूळ नको, मध तर चाटवायचाच नाही, त्यातून बॉटुलिझम (जंतूंच्या विषानं होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा संपत येतो. घोटलेली पालेभाजी, नीट उकडलेलं अंडं द्या, त्यात लिंबाचे दोन थेंब. आशाताईंकडून लोहाचं औषध घ्या: आठवड्यातून दोनदा, एक-एक मिली.

प्रश्नकर्ती: भरवलेलं जिभेनं बाहेर ढकलतं हो.

उत्तर (परभणी): नवी चव आहे. जबरदस्ती नको. तोच पदार्थ दोन दिवसांनी पुन्हा द्या. कधी आठ-दहा वेळा द्यावा लागतो.