बाल्कनीतून पक्षी बघायला दुर्बीण घ्यावी की टेलिस्कोप?

खाडीशेजारी:
नेरुळला ११व्या मजल्यावर राहतो. खाली पिंपळ आहे, समोर खारफुटी आणि तिच्यापलीकडे खाडीचा चिखल, अंतर साधारण ४०० मीटर असेल. बाबा नुकतेच रिटायर झालेत, दिवसभर बाल्कनीत बसून असतात आणि "ते गुलाबी ठिपके म्हणजे फ्लेमिंगोच ना रे" हे रोज विचारतात. त्यांना काहीतरी घेऊन द्यायचंय. दुकानदार २०×५० दुर्बीण गळ्यात मारतोय, म्हणे पॉवर जास्त. भाऊ म्हणतो सरळ टेलिस्कोप घे. बाबांना चष्मा आहे, हातही जरासा थरथरतो. बजेट १५ हजारांपर्यंत. काय घेऊ?

तांबट४२:
२०×५० अजिबात नको! पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पण २० पटीत हाताची थरथर पण २० पट होते, पक्षी नुसता नाचताना दिसेल. शिवाय ५० भागिले २० म्हणजे डोळ्याशी अडीच मिमीचीच प्रकाशाची चकती येते, पहाटे आणि संध्याकाळी सगळं काळपट. ८×४२ ला तीच सव्वापाच मिमी. ४०० मीटरवरचा पक्षी ८ पटीत ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो, बाबांना एवढं पुरे. चष्म्यामुळे आय रिलीफ (डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिमीच्या वर आहे का ते बघ आणि आयकप, म्हणजे डोळ्याशी असलेली रबरी कड, खाली दुमडून बघायला सांग, नाहीतर मधे एक गोल खिडकी आणि भोवती काळोख, असलं काहीतरी दिसतं. ऑनलाइन मागवू नको, बाबांनाच दुकानात घेऊन जा.

उलटा_बगळा:
भावाचं ऐकू नकोस, मी ऐकलं होतं 😅 आकाशदर्शनाचा टेलिस्कोप घेतला, चंद्र एक नंबर दिसला, आणि सकाळी झाडावर लावला तर बगळा डोक्यावर उभा! तसल्या टेलिस्कोपमध्ये चित्र उलटंच येतं, ताऱ्यांना काय फरक पडतोय. बरं, तो वळवून फोकस करेपर्यंत बगळा पार पलीकडच्या तळ्यावर. आता त्यावर टॉवेल वाळतात.

चिखलपायी:
वरच्या दोघांचं बरोबर, पण खाडी समोर असेल तर स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे जमिनीवरचं लांबचं बघायच्या छोट्या टेलिस्कोपला, पर्याय नाही असं माझं मत. चित्र सरळ दिसतं, २० ते ६० पट झूम. लहान जातीच्या फ्लेमिंगोची चोच गडद किरमिजी, मोठ्या जातीच्याची गुलाबी आणि फक्त टोक काळं, हा फरक ४०० मीटरवरून ८ पटीत कळेल का? नाही कळणार. फक्त ट्रायपॉड भक्कम हवा, स्कोपपेक्षा त्याचंच बजेट आधी काढा. आणि ६० पट वगैरे विसरा, ऊन चढलं की चिखलावरची हवा उकळल्यासारखी हलते, २५-३० च्या पुढे सगळा रंगाचा लगदा.
दुसरं, भरती-ओहोटीचं टाइमटेबल बाबांना द्या. ओहोटीला फ्लेमिंगो चिखलावर पांगून चरतात, भरतीला चिखल बुडाला की आतल्या तळ्यांवर येतात. आणि मे-जूनपर्यंतच, पावसाळ्यात ठिपके गायब झाले तर दुर्बिणीला दोष देऊ नका. ठाणे खाडीला २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ ला रामसरमध्ये, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली, एवढी जागा लोकांना घरबसल्या मिळत नाही हो, नशीबवान आहात.

तांबट४२:
@चिखलपायी मान्य, पण १५ हजारांत बरा स्कोप अधिक बरा ट्रायपॉड? आधी दुर्बीण, नाद टिकला तर पुढच्या सीझनला स्कोप. आणि खाडीशेजारी, स्लायडिंगची काच बंद ठेवून बघू नका, चित्र मऊ होतं. कोपरं कठड्यावर टेकवायची, थरथर निम्मी कमी. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका, आमच्या जुन्या दुर्बिणीच्या भिंगावर बुरशीची जाळी आली होती. आणि समोरच्या बिल्डिंगवाल्यांना आधीच सांगून ठेवा की पक्षी बघतोय 🙏

खाडीशेजारी:
अपडेट. शनिवारी बाबांना घेऊन गेलो, ८×४२ घेतली. २०×५० पण त्यांच्या हातात दिली होती, दोन मिनिटांत "अरे हे तर भूकंपासारखं" म्हणून परत केली. आता गंमत अशी की फ्लेमिंगो राहिले बाजूला, दोन दिवस खालच्या पिंपळावरचा तांबट बघतायत, त्याच्या कपाळावरचा लाल टिळा दिसला म्हणून मला ऑफिसात फोन. आईला चष्मा नाही, ती घेते तेव्हा आयकप वर करून उजव्या डोळ्याची रिंग (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी) फिरवते, मग बाबांना सगळं धूसर दिसतं आणि भांडण. त्या रिंगवर बाबांची खूण करायला नेलपॉलिश चालेल का?

उलटा_बगळा:
चालेल. पण आईला तिची खूण वेगळ्या रंगात करून द्या.